शल्य, मर्म आणि जुन्या कागदांतील जखमा

(१) प्रयोजन

लढायांसंबंधीचे मोडी कागद वाचणाऱ्यास जखमांचा उल्लेख पदोपदी भेटतो. अमक्यास भाल्याची जखम लागली, तमक्यास गोळी लागली, अमका ठार, तमका जखमी, एवढेच बहुधा लिहिलेले असते. लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास त्या काळी तेवढे पुरे होते. कारण भाल्याच्या जखमेचे पुढे काय होते हे दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेले असे. आपणांस तो प्रसंग नाही. आपण कागदाची मिती, हस्ताक्षर, शिक्का आणि मायना यांची कसून चिकित्सा करितो. परंतु लोखंडाचे अग्र मनुष्याच्या देहात शिरले असता आत काय घडते, हे ठाऊक असल्याचे गृहीत धरून चालतो. त्यामुळे केव्हा केव्हा निर्दोष कागद सदोष ठरतो.

असा एक अन्याय प्रस्तुत लेखकाच्याच हातून घडलेला आहे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी आपल्या घरातील दोन सुटे बंद मजकडे वाचावयास आणून दिले. पहिल्यात, त्यांच्या एका पूर्वजास बेंबीच्या खाली डाव्या अंगास भाल्याची जखम लागल्याचे वर्तमान होते. जखमेचे तोंड बोटभर, रक्त थोडके गेले, सायंकाळी पेज घेतली, बोलतात चालतात, रात्री पाणी वरचेवर मागितले, पोट ताठले आहे, तरी चिंता न करावी, असा त्याचा आशय होता. दुसरा बंद त्यानंतर पाचव्या दिवसाचा. त्यात तेच गृहस्थ त्याच जखमेने वारल्याची बातमी होती. जखम लहान, रक्त थोडे, मनुष्य जेवता बोलता, आणि पाचव्या दिवशी मृत्यू. हे मला विसंगत वाटले. पहिला बंद त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाविषयी असावा, असा अभिप्राय मी लिहून दिला. मालकांनी त्यावर विश्वास ठेविला, दुसरा बंद जपला आणि पहिला रद्दीच्या गाठोड्यात टाकिला. पुढे गाठोड्यास वाळवी लागली. आज त्या बंदाचा चार ओळींचा सारांश तेवढा माझ्या टिपणवहीत आहे.

तो अभिप्राय चूक होता, हे पुढे सुश्रुतसंहिता पुन्हा वाचीत असता ध्यानात आले. ज्या ग्रंथाचे काही अध्याय मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते, त्यातच त्या कागदाचा उलगडा होता. तो कसा, आणि अशा कागदांच्या वाचनास सुश्रुताचा उपयोग किती व कोठवर, हे येथे सांगावयाचे आहे.

(२) ग्रंथ

सुश्रुतसंहिता ही शल्यतंत्राची प्रधान संहिता होय. तिच्या पोथ्या देशभर आहेत. नेपाळातील काठमांडू येथील कैसर ग्रंथालयात तिची इ. स. ८७८ ची ताडपत्री प्रत असून मितीने निश्चित झालेल्या प्रतींत ती फार जुनी आहे. बाराव्या शतकातील डल्हणाच्या निबंधसंग्रह टीकेसह यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी शोधलेली आवृत्ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली, ती बहुतेकांच्या संग्रही असेल. प्रस्तुत विषयास चार स्थळे मुख्य आहेत: सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय, ज्यात शरीरात दडलेले शल्य कसे ओळखावे ते सांगितले आहे, सत्ताविसावा, ज्यात ते कसे काढावे ते आहे, शारीरस्थानातील सहावा, म्हणजे मर्मांचा, आणि चिकित्सास्थानातील दुसरा, म्हणजे सद्योव्रणांचा.

‘शल्य’ या शब्दाचा अर्थ तेथे व्यापक आहे. देहास पीडा देणारी कोणतीही वस्तू शल्यच. परंतु बाहेरून येणाऱ्या शल्यांत लोखंडाचे मुख्य, आणि लोखंडाच्या शल्यांत बाण मुख्य मानिला आहे. कारणेही दिली आहेत: तो टाळता येत नाही, त्याचे अग्र सूक्ष्म असते आणि तो दुरून येतो. ही कारणे रणभूमीवर उभे राहिलेल्याची आहेत. सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याचा तंबू राजाच्या तंबूनजीक असावा आणि जखमींना दुरून दिसेल असे निशाण त्यावर असावे, असे सांगितले आहे. महाभारताच्या भीष्मपर्वातही शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे शल्य काढण्यात निष्णात असे वैद्य येतात, व भीष्म त्यांस सत्कारपूर्वक परत पाठवितात. ही विद्या सैन्याच्या संगतीने वाढली, हे यावरून उघड आहे.

(३) सहा प्रकारचे व्रण

शस्त्राने तत्काळ होणाऱ्या व्रणांचे सुश्रुत सहा प्रकार करितो: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. छिन्न म्हणजे तरवारीसारख्या धारेने झालेला लांब काप, ज्यात अवयव तुटूनही पडतो. पिच्चित म्हणजे प्रहाराने किंवा दडपणाने हाडासकट चेंगरलेले अंग. घृष्ट म्हणजे खरचटलेले. क्षत म्हणजे फार कापलेलेही नाही व फार भोसकलेलेही नाही, असे दोहोंच्या मधले वेडेवाकडे. उरलेले दोन, भिन्न व विद्ध, हे दोन्ही भोसकण्याचेच प्रकार. आणि यांतील भेदातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

प्रथमदर्शनी वाचकास वाटेल, की भेद शस्त्राचा असावा. भाल्याचे ते भिन्न आणि बाणाचे ते विद्ध. शस्त्रांची नावे तेथे येतात हे खरे. भिन्नाच्या लक्षणात कुंत, शक्ती, तरवारीचे टोक, शिंग यांचा उल्लेख आहे. परंतु खरा विभाजक निराळा आहे. शस्त्राचे अग्र एखाद्या आशयापर्यंत पोहोचले तर व्रण भिन्न. आशय सोडून इतर अंगात रुतले तर विद्ध. आशय कोणते? अन्न, अग्नी, पक्व मल, मूत्र आणि रक्त यांची स्थाने, तसेच हृदय, उंडुक आणि फुप्फुस. या सर्वांच्या समूहास तो कोष्ठ म्हणतो. म्हणजे व्रणाचे नाव त्वचेवरील तोंडावरून ठरत नाही. शस्त्र आत कोठवर गेले यावरून ठरते. शिवाय भिन्नाच्या लक्षणातच, बाहेर स्राव किंचित् होतो, असे म्हटले आहे. ज्या गोष्टीमुळे मी तो कागद खोटा मानिला, ती गोष्ट सुश्रुताने त्या व्रणाचे लक्षण म्हणून नोंदून ठेविलेली होती.

आजचे शल्यवैद्य हेच सांगतात. धारेने झालेल्या कापाची लांबी डोळ्यांना दिसते आणि रक्त बाहेर वाहते, म्हणून तो भयंकर दिसतो. टोकाने झालेल्या व्रणाचे तोंड लहान असते. शस्त्र बाहेर निघताच त्वचा आणि स्नायू जवळ येऊन ते मिटल्यासारखे होते, आणि जे वाहावयाचे ते आत वाहते.

(४) उदर

आत वाहण्याचे परिणाम दोन प्रकारचे आहेत, व त्यांचा काल भिन्न आहे.

पहिला रक्ताचा. प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील पाऊण लिटरपर्यंत गेले तरी बाह्य लक्षण फारसे दिसत नाही. दीड लिटरच्या पुढे नाडी जलद व क्षीण होते, त्वचा पांढरी व थंड पडते, तहान लागते, मन भ्रमते. दोन लिटरच्या पुढे उपाय न झाल्यास मृत्यू जवळ येतो. यकृत, प्लीहा किंवा पोटातील मोठी रक्तवाहिनी भेदली गेली तर हे सर्व रक्त उदराच्या पोकळीत साठते आणि बाहेर चार थेंबही दिसत नाहीत. सुश्रुताने आत रक्त साठलेल्या अशा रोग्याचे वर्णन केले आहे: पांडुर वर्ण, हात, पाय आणि मुख थंड, श्वासही थंड, नेत्र लाल, पोट फुगून कोंडलेले. असा रोगी हाती घेऊ नये, असे तो स्पष्ट सांगतो. शिरेतून रक्त देण्याचा उपाय विसाव्या शतकात रुळला. त्यापूर्वी कोणत्याही देशातील वैद्यास याहून निराळे सांगता आले नसते.

दुसरा परिणाम आतड्यांचा. आतडे भेदले की त्यातील अन्न व मल उदराच्या पोकळीत झिरपतात. त्यातील सूक्ष्म जंतूंमुळे पोकळीच्या अस्तराला दाह होतो. पोट फळीसारखे ताठते, आतड्यांची हालचाल थांबते, वायू व मल कोंडतात, ज्वर येतो, तहान शमत नाही. यास तास नव्हे तर दिवस लागतात. आरंभी रोगी बोलतो, क्वचित चालतोही. आणि प्रतिजैविके व शस्त्रक्रिया यांच्या पूर्वीच्या काळी तो बहुधा काही दिवसांत दगावे. कोष्ठ भिन्न झाल्याची सुश्रुतोक्त लक्षणे यापुढे ठेवून पाहावी: ज्वर, दाह, मूर्च्छा, श्वास, तृष्णा, आध्मान, अन्नद्वेष, मलमूत्रवायूंचा अवरोध, घाम, मुखास लोखंडासारखा वास, हृदयात व कुशीत शूळ. शल्य कोष्ठात असल्यास व्रणाच्या तोंडाशी मूत्र, मल किंवा खाल्लेले अन्न दिसते, असेही सव्विसाव्या अध्यायात आहे.

त्या नष्ट बंदातील ‘पाणी वरचेवर मागितले’ आणि ‘पोट ताठले आहे’ ही दोन वाक्ये आता वाचकांनी पुन्हा पाहावी. लिहिणाऱ्याने ती सहज लिहिली. त्यांचा अर्थ त्यास कळला असता तर ‘चिंता न करावी’ हे शब्द त्याने घातले नसते, अथवा कळूनच ते घातले असतील. पेज घेतल्याचे वर्तमान घरच्यांना धीर देण्यासाठी असावे. वस्तुतः भेदलेल्या आतड्यात गेलेल्या पेजेने अपायच केला असेल.

आतडे बाहेर आले असता काय करावे याचाही विधी आहे. न भेदलेले आतडे दुधाने धुवून, तूप लावून, नखे काढलेल्या हाताने आत घालावे, व्रणाचे तोंड अपुरे असल्यास ते वाढवावे, घशास बोट लावून किंवा पाणी शिंपडून रोग्यास दचकवावे, म्हणजे आतडे आत ओढले जाते, नंतर शिवावे. भेदलेल्या आतड्याविषयी मात्र तो सावध आहे. त्याच्या कडा मुंग्यांच्या डोक्यांनी धरवून ते आत घालावे, हे मत तो इतरांचे म्हणून देतो. येथे संहिताकाराने स्वतःचे मत आणि दुसऱ्याचे मत वेगळे ठेविले आहे, ही गोष्ट आपणां संशोधकांनी शिकण्यासारखी आहे.

(५) उर

छातीतील व्रणांचे वर्णन मर्माध्यायात येते. तेथे उराच्या दोन्ही बाजूंस मिळून आठ मर्मे सांगितली आहेत: स्तनमूल, स्तनरोहित, अपलाप व अपस्तंभ, प्रत्येकी दोन. स्तनरोहितास वेध झाला असता कोष्ठ रक्ताने भरतो व कास आणि श्वास यांनी मृत्यू येतो. अपस्तंभास वेध झाला असता कोष्ठ वायूने भरतो व त्याच दोन उपद्रवांनी मृत्यू येतो. अपलापाच्या वेधात साठलेल्या रक्ताचा पू होतो.

आजच्या ज्ञानाप्रमाणे फुप्फुस ज्या पोकळीत असते ती हवाबंद असून तिच्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो. त्यामुळेच फुप्फुस फुललेले राहते. छातीच्या भिंतीस किंवा फुप्फुसास छिद्र पडून हवा त्या पोकळीत शिरली की फुप्फुस मिटते. छिद्र पडद्यासारखे आत उघडणारे असेल तर प्रत्येक श्वासाबरोबर हवा आत साठत जाते, हृदय व मोठ्या शिरा दुसऱ्या बाजूस ढकलल्या जातात, आणि थोड्या वेळात मृत्यू येतो. रक्त साठले तर एका बाजूच्या पोकळीत दीड-दोन लिटर सहज मावते. रक्त तसेच राहून नासले तर पू होतो. हवा, रक्त आणि पू या तिन्ही गोष्टी सुश्रुताने तीन निरनिराळ्या मर्मांच्या नावे नोंदिल्या आहेत. त्याचा वायू म्हणजे आपली हवाच, असा आग्रह धरणे योग्य नव्हे. त्याची वायूची कल्पना व्यापक आहे. परंतु छातीत भोसकलेला मनुष्य एकाच रीतीने मरत नाही, हे त्याने, किंवा त्याच्या पूर्वसूरींनी, पाहिले होते, एवढे निःसंशय म्हणता येते.

हृदयासंबंधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हृदयाभोवती एक चिवट पिशवी असते. हृदयास लहान छिद्र पडून रक्त त्या पिशवीत साठले, तर केवळ दीडशे-दोनशे मिलिलिटर रक्तानेही हृदय आवळले जाऊन बंद पडू शकते. परंतु तीच पिशवी छिद्र काही काळ दाबूनही धरिते. त्यामुळे हृदयास वेध झालेला मनुष्य तत्क्षणी मेलाच पाहिजे असे नाही.

(६) मर्मे आणि काल

मर्मे एकंदर १०७. त्यांचे पाच वर्ग परिणामावरून केले आहेत: सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर ८. पहिल्या वर्गाचे नाव वाचून ‘तत्काळ मृत्यू’ असा अर्थ घेण्याचा मोह होतो, आणि तेथेच चूक होते. त्या वर्गाची मुदत ग्रंथातच सात रात्रींच्या आत अशी दिली आहे. कालांतरप्राणहरांची पंधरवडा ते महिना. म्हणजे हृदय, बस्ती, नाभी यांच्या वेधाने सहाव्या दिवशी मेलेला मनुष्यही ‘सद्यः’ मेलेलाच होय. कागदातील पाच दिवसांचे अंतर या मुदतीत सहज बसते.

विशल्यघ्न हा वर्ग फार विलक्षण आहे. शंखांच्या वर केसांच्या सीमेशी असणारी दोन उत्क्षेप मर्मे आणि भुवयांच्या मधले स्थपनी, ही ती तीन. येथे शल्य रुतले असता ते आत आहे तोवर मनुष्य जगतो. उपटून काढिले की मरतो. पिकून आपोआप गळून पडले तर वाचतो. शल्याने कोंडलेला वायू ते काढताच निघून जातो, अशी सुश्रुताची उपपत्ती आहे. आजची उपपत्ती निराळी आहे: रुतलेले शस्त्रच तुटलेल्या वाहिनीचे तोंड बुजवून धरिते, व ते काढताच रक्त सुटते. उपपत्ती बदलली, अनुभव बदलला नाही. शरीरात रुतलेला चाकू वा सळई जागच्या जागी उपटू नये, तशीच आधार देऊन रोग्यास शस्त्रक्रियागृहात न्यावे, हा आजही प्रथमोपचाराचा नियम आहे. एखाद्या पत्रात ‘तीर काढिला आणि प्राण गेला’ असे आढळल्यास काढणारास दोष देण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

हातापायांविषयीचे दोन विचार असेच मननीय आहेत. पहिला असा: हात किंवा पाय पार तुटला तर शिरा आखडून रक्त थोडे जाते, आणि फांदी तुटलेल्या वृक्षाप्रमाणे मनुष्य जगू शकतो, परंतु तळव्यातील मर्म भेदले गेले तर रक्त अतिशय जाऊन तो मरतो. पार तुटलेली रोहिणी आखडून मिटते, अर्धवट कापलेली उघडीच राहते, हे आज सर्वमान्य आहे. दुसरा विचार क्षिप्र मर्माचा. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांमधली ही जागा. येथे वेध झाल्यास आक्षेपक, म्हणजे झटके, येऊन मृत्यू येतो, व तो कालांतराने. ज्यास आपण धनुर्वात म्हणतो, त्याचे जंतू माती आणि शेणखत यांत असतात. अरुंद, खोल, हवा न लागणाऱ्या व्रणात ते वाढतात. आणि व्रण झाल्यापासून साधारणतः तीन ते एकवीस दिवसांत झटके सुरू होतात. बोटाला काटा लागला आणि दहाव्या दिवशी मनुष्य गेला, ही जुन्या पत्रांतील बातमी यास्तव अविश्वसनीय नव्हे.

(७) दडलेले शल्य

शल्य आत राहिले आणि व्रणाचे तोंड मिटले तर ते कोठे आहे हे कसे कळावे? आपणांजवळ क्ष-किरण आहेत. सुश्रुताजवळ रोग्याची वेदना आणि देहाची उष्णता होती. त्वचेवर दाट तूप, माती किंवा चंदन लेपावे; आतील शल्याच्या उष्णतेने जेथे तूप वितळेल किंवा लेप लवकर वाळेल तेथे शल्य आहे असे जाणावे. शल्य शिरांत किंवा स्नायूंत दडले असल्यास रोग्यास मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून उंचसखल वाटेने वेगाने न्यावे. हिसक्यांनी जेथे कळ येईल तेथे ते आहे. उपाय क्रूर दिसतो, परंतु अनुमान सरळ आहे.

काढण्याच्या वाटा दोन. फार खोल न गेलेले शल्य आले त्या वाटेने मागे घ्यावे. खोल जाऊन पलीकडच्या बाजूस पोहोचलेले पुढे ढकलून काढावे. कर्णी, म्हणजे उलट काटे असलेल्या, बाणास ही दुसरी वाट विशेष लागू; कारण तो मागे ओढला तर जाताना जेवढे फाडले त्याहून अधिक येताना फाडील. हाडात रुतलेल्या शल्यासाठी पायांनी देह दाबून यंत्राने ओढावे. तेवढ्याने न निघाल्यास ते धनुष्याच्या दोरीने घोड्याच्या लगामाशी बांधावे आणि घोड्यास चाबूक मारावा, म्हणजे मान वर करताना तो शल्य उपटून काढील. अथवा वाकविलेल्या झाडाच्या फांदीस बांधून फांदी सोडावी. सुटे, बिनकाट्याचे आणि मोठ्या तोंडाच्या व्रणातील लोहशल्य अयस्कांताने, म्हणजे लोहचुंबकाने, काढावे.

(८) गोळी

येथवर सुश्रुत आपला वाटाड्या होता. बंदुकीच्या गोळीपाशी त्याची सोबत सुटते. बाण, भाला, कट्यार यांचे अग्र आपल्या वाटेतील भाग कापीत जाते व वाटेबाहेरच्या भागास सहसा धक्का लावीत नाही. गोळीचे कार्य मुख्यत्वे वेगावर चालते. वजन दुप्पट झाले तर तिची शक्ती दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर चौपट. ती आपल्या वाटेतील भाग चिरडते आणि भोवतालचा भाग क्षणभर बाजूस फेकते. फुप्फुस लवचिक असल्याने हा ताण पुष्कळसा सोसते. यकृत, प्लीहा, मेंदू हे ठिसूळ किंवा कोंडलेले अवयव फाटतात. आधुनिक वेगवान रायफलीच्या गोळीने हा ताण फार मोठा होतो.

तोड्याच्या बंदुकीची गोळी तेवढी वेगवान नसे. पण ती शिशाची, गोल आणि जड असे. हाडावर आदळली की ती चपटी होऊन हाडाचे तुकडे करी आणि वाट बदली. आत जाताना अंगरख्याच्या चिंध्या, सुती भरणीचा कापूस आणि मळ ती बरोबर नेई; मागाहून होणाऱ्या सडण्याचे हे मोठे कारण होते. बाणास दांडी असते, तिच्यावरून शल्याची दिशा समजते. गोळीस दांडी नाही. आणि शिसे असल्याकारणाने अयस्कांताचाही काही उपयोग नाही. बाणासाठी रचलेले शास्त्र गोळीपुढे अपुरे पडले, त्याची ही कारणे होत.

मराठ्यांच्या इतिहासातील सर्वश्रुत उदाहरणे या दृष्टीने पाहावी. पुरंदरच्या वेढ्यात इ. स. १६६५ मध्ये मुरारबाजी तीर लागून पडले, असे सभासद लिहितो, इ. स. १७५४ मध्ये कुंभेरीस खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने गेले. इ. स. १७६० च्या १० जानेवारीस बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे गोळी लागून पडले, तर त्याच रणात जनकोजीच्या दंडास गोळी लागूनही ते वाचले व पुढल्या वर्षी पानिपतावर लढले. शस्त्र एक, दिवस एक, भेद आशयाचा. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळीने पडले. त्याच रणातून महादजी शिंदे पाय जायबंदी होऊन निघाले, जन्मभर लंगडत राहिले आणि पुढे तेहतीस वर्षे, इ. स. १७९४ पर्यंत, जगले. सुश्रुताच्या भाषेत त्यांची जखम वैकल्यकर होय. तिने अंग घेतले, प्राण घेतला नाही.

(९) वाचनातील दक्षता

वरील विवेचनावरून कागद वाचताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या, असे सुचवावेसे वाटते.

पहिली: ‘जखम हलकी’ हा लिहिणाऱ्याने त्वचेवरून केलेला तर्क असतो, तो खरा मानून पुढील मृत्यूवर शंका घेऊ नये. दुसरी: कोणत्या शस्त्राची जखम याबरोबरच कोणत्या अंगास, हे जेथे दिले असेल तेथे ते शब्द अवश्य टिपावे, सारांश करताना आपण नेमके तेच गाळतो. तिसरी: लढाईची मिती आणि मृत्यूची मिती यांत चार-सहा दिवसांचे, किंबहुना महिन्याचे, अंतर असणे हा दोष नव्हे, उलट उदराच्या किंवा छातीच्या जखमेत ते अपेक्षितच आहे. एकाच पुरुषास एका यादीत ‘जखमी’ आणि दुसरीत ‘ठार’ म्हटले असल्यास प्रथम याद्यांच्या मित्या पाहाव्या. यात केवळ इतिहासाचा प्रश्न नसे. लढाईत कामास आलेल्याच्या मुलांस सरकारातून बालपरवेशी मिळे. आठ दिवसांनी तंबूत मेलेला शिपाई रणात कामास आला की नाही, यावर त्याच्या घरची चूल अवलंबून असे. चौथी: तहान, पोट फुगणे, श्वास लागणे, अंग थंड पडणे असे किरकोळ भासणारे शब्द मोलाचे आहेत. नकल करताना ते जसेच्या तसे उतरावे.

याची दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. लक्षणे जुळली एवढ्यावरून कागद अस्सल ठरत नाही. तो हस्ताक्षर, कागद, मायना आणि मिती यांनीच ठरावयाचा. वैद्यकाचा उपयोग एवढाच, की ज्या विसंगतीमुळे आपण एखादा कागद बाजूस सारतो ती खरी विसंगती आहे की आपले अज्ञान आहे, हे त्याने कळते. माझ्यापुढील दोन बंदांत विसंगती नव्हती. पहिला बंद भिन्नकोष्ठाच्या पहिल्या दिवसाचा होता, दुसरा शेवटच्या दिवसाचा; आणि एका मनुष्याच्या पाच दिवसांच्या यातनेचा तो एवढाच लेख होता. त्यांतील अर्धा माझ्या अभिप्रायामुळे गेला.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी, की जोडीने सापडलेले कागद कोणाच्याही अभिप्रायावरून, मग तो कितीही अधिकारवाणीने दिलेला असो, एकमेकांपासून तोडू नयेत. आणि ज्यांच्या संग्रही वैद्यकाच्या पोथ्या आहेत त्यांनी त्या इतिहासाच्या कामाच्या नाहीत असे समजून बाजूस ठेवू नयेत. लढाईचा कागद आणि शल्यतंत्राची पोथी एकाच फडताळात असणे इष्ट आहे. एकीत जखम लागते, दुसरीत तिचे पुढे काय झाले ते कळते.